कॉईलची भुणभुण

पिंपरी गावात गेनबाला सगळे 'काजळ्या' म्हणत. तो तसा सावळाच होता, काळा नव्हे; पण संध्याकाळी कामावरून परतताना त्याच्या नाकपुड्यांच्या कडा आणि नखांचे कोपरे काळेभोर असत. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेने नवे कारखाने उठू लागले त्या दिवसांतली ही गोष्ट. गावाच्या माळावर औषधांचे संशोधन करणारी एक लहानशी संस्था आली आणि गेनबाची दीड एकर जिराईत तिच्या कुंपणात गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरटी एकाला नोकरी मिळाली. गेनबा मराठी चौथी पास होता आणि हाताने सावकाश, नेटका होता. म्हणून त्याला बागेत न घालता डॉक्टर जवळेकरांच्या प्रयोगाच्या खोलीत घातले.

तिथे त्याचे पहिले काम कागद काळे करण्याचे. पितळी ड्रमवर गुळगुळीत पांढरा कागद ताणून चिकटवायचा आणि खाली रॉकेलचा धुरकट दिवा धरून ड्रम एका चालीने फिरवायचा. काजळी सगळीकडे सारखी बसली पाहिजे. जाड झाली तर टोक अडकते, पातळ राहिली तर रेघ उठत नाही. प्रयोगाच्या वेळी त्या काजळीवर एक बारीक टोक पांढरी रेघ ओढत जाई. प्रयोग संपला की गेनबा कागद सोडवून तो स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या चपड्यातून काढी आणि दोरीवर वाळत घाली. मग ती रेघ पक्की होई. चपडा लागेपर्यंत मात्र त्या कागदाला बोट तर सोडाच, पदराचा वारासुद्धा लागता कामा नये. दोन वर्षांत गेनबाने एकही कागद खराब केला नव्हता.

"आमचं मालक दिसभर काजळ धरत्यात," त्याची बायको गोजाबाई विहिरीवर सांगे. "गावातल्या समद्या पोरांच्या डोळ्यांत घालून उरंल एवढं. पर घरी बोटभर आणतील तर शपथ."

डॉक्टर उद्धवराव जवळेकर परभणीकडचे. वय पन्नाशीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, डबा रोज खायचा राहिलेला. हाताखालच्या माणसाला ते नुसते हुकूम सोडत नसत, समजावून सांगत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी गेनबाला समोर उभे केले.

"गेनबा, हात वर कर."

गेनबाने केला.

"कोणी केला?"

"म्याच की."

"आता तुझं आतडं थांबव."

गेनबाला हसू आले. "ते कुठं माजं ऐकतंय, सायेब? काल हुलग्याचं माडगं झालं. सकाळधरनं नुसतं गुडगुडतंय."

"बरोबर. ते स्नायू आपल्या हुकमातले नाहीत. पण त्यांना हुकूम देणारा कोणीतरी आहे." डॉक्टरांनी चिमट्याने दाखवले. काचेच्या नळकांड्यात कोमट खारट पाणी होते, त्यात हवेचे बुडबुडे सोडलेले होते आणि सशाच्या आतड्याचा बोटभर तुकडा आपल्या मनाने वर-खाली होत होता. त्याच्या एका कडेला केसाएवढा पांढरा दोरा होता. "हा मज्जातंतू. याला विजेचा बारीक झटका दिला की हा आतड्याला म्हणतो, थांब. रक्तवाहिनीच्या भिंतीतही असलेच स्नायू असतात. तिथे याच जातीचा तंतू म्हणतो, आवळ. तो फार ओरडायला लागला की माणसाचा रक्तदाब चढतो. मला असं औषध हवंय, की स्नायू धड राहील, पण तंतूचा आवाज बसेल."

"म्हंजी ऐकणारा बहिरा न्हाई," गेनबा विचार करून म्हणाला. "हाक मारणाराच घोगरा झाला."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "हे वाक्य मी चोरणार आहे, गेनबा."

त्या दिवसापासून गेनबा डॉक्टरांचा झाला. प्रयोग कसा चालतो ते त्याला पाठ होते. आधी औषध न घालता तंतूला झटका द्यायचा: आतडे थांबते, वर-खाली जाणारी रेघ आडवी होते. मग औषध घालायचे आणि पुन्हा झटका द्यायचा. आतडे थांबले नाही तर औषधाने काहीतरी अडवले. पण काय अडवले, तंतू की स्नायू? म्हणून शेवटी पाण्यात ॲड्रिनलिनचा थेंब सोडायचा. तंतूच्या टोकातून जो रस सुटतो त्याच्याच घरातला हा रस. त्याने आतडे थांबले तर स्नायू शाबूत आणि तंतूच गप्प झाला, हे सिद्ध. हे सगळे होईपर्यंत तंतू कोरडा पडू द्यायचा नाही, नाहीतर त्यातून झटकाच पुढे जात नाही. त्यावर दर मिनिटाला ड्रॉपरने कोमट थेंब सोडायचा. ते काम डॉक्टर दुसऱ्या कोणालाही देत नसत.

झटका देण्याचे काम गेनबाचे. झटक्याची कॉईल बॅटरीवर चाले आणि चालू असताना माशी कानात शिरल्यासारखी भुणभुणे. डॉक्टरांना तो आवाज मुळीच सोसत नसे. म्हणून कॉईल, बॅटरी आणि कळ शेजारच्या अडगळीच्या खोलीत ठेवली होती. भिंतीच्या भोकातून तारा इकडे आल्या होत्या. डॉक्टर इकडून "हं" म्हणत, की गेनबा तिकडे कळ दाबी. "बस" म्हणाले की सोडी. बॅटरी आठवड्यातून एकदा, शनिवारी, चिंचवडच्या गॅरेजमध्ये चार्जिंगला जाई. गेनबाच तिला डोक्यावरून नेई. ॲसिडने त्याच्या मुंडाशाची चाळण झाली होती.

१९५५चा चैत्र. गावच्या भैरवनाथाची जत्रा होती. मंगळवारी दुपारी गावचे पुढारी मारुतराव संस्थेच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, चेहरा रडकुंडीला आलेला.

"गेनबा, इज्जतीचा सवाल हाय. कर्णा आणलाय, पार पुण्याहून, आन त्याची बॅटरी बसली. चार वाजता कुस्त्या सुरू व्हत्यात. तुमच्याकडं हाय म्हनं एक."

"ती सायबाची हाय, मारुतराव."

"मग सायबाला काय आतडी हालवायला संध्याकाळी लागतीया व्हय? उद्या सकाळी जाग्यावर ठेव. शेजारच्या गावाचं पैलवान आल्याती. त्यांच्यापुढं मी काय बोंबलून नावं सांगू? माजा घसा बघ."

डॉक्टर त्या दिवशी पुण्याला गेले होते. ते असते तर गेनबाने विचारले असते, आणि त्यांनी बहुधा 'घेऊन जा, पण उद्या चार्ज करून आण' असे म्हटलेही असते. गेनबा पुढे आयुष्यभर हा हिशेब मनात करत राहिला. त्याने बॅटरी उचलली आणि चुंबळीवर ठेवून आखाड्यावर नेली.

कर्णा पाच तास वाजला. आधी तबकड्या, मग कुस्त्या. शेवटची जोड सुटल्यावर मारुतरावांनी फेटा सावरला आणि कर्ण्यातून अख्ख्या गावाला ऐकवले, "आपल्या गावचे सुपुत्र, लॅबोरेटरीचे गेनबा, यांनी ऐन वक्ताला बॅटरी दिल्याबद्दल पंचमंडळी त्यांची आभारी हायेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडले, "काजळ्याऽऽ, उभा ऱ्हा की!" गेनबा उभा राहिला. त्याला फार बरे वाटले.

बुधवारी सकाळी बॅटरी जाग्यावर होती. डॉक्टर आनंदात आले. मावळातून आणलेल्या एका वेलीच्या मुळीचे सत्त्व त्यांनी सहा महिने खपून काढले होते. बाटलीवर चिठ्ठी होती, 'नंबर १७'. ते जेमतेम तीन प्रयोगांना पुरेल एवढेच होते, आणि नवी मुळी पावसाळ्यानंतरच मिळणार होती.

"हं," डॉक्टर म्हणाले. गेनबाने कळ दाबली. कॉईल भुणभुणली. पलीकडे आतडे थांबले. असे तीनदा झाले. मग डॉक्टरांनी सत्त्व घातले, पंधरा मिनिटे थांबले.

"हं."

गेनबाने कळ दाबली. भुणभुण आली, पण बारीक. मघाशी माशी होती ती आता चिलट झाली होती. भोकातून डॉक्टरांचा आवाज आला, "गेनबा, दाबलीस का?"

"दाबलीया, सायेब."

"सोडू नकोस... आतडं चाललंय. अरे, आतडं चाललंय! बस. आता बघू." त्यांनी ॲड्रिनलिन सोडले, आणि गेनबाला त्यांचा श्वास ऐकू आला. "थांबलं! गेनबा, इकडे ये, बघ. स्नायू ऐकतोय. तंतू गप्प झालाय."

गेनबाने येऊन पाहिले. काळ्या कागदावर सगळे अगदी डॉक्टरांनी सांगितले होते तसे उमटले होते. आपण ऐकलेल्या चिलटाचे काय करावे ते त्याला सुचेना. आपलाच कान असेल, असे त्याने स्वतःला सांगितले.

बॅटरी रात्रभर पडून राहिली की थोडी सावरते. गुरुवारी सकाळी कॉईल पुन्हा चांगली भुणभुणली. औषधाआधी आतडे तीनदा थांबले. औषध घालून पंधरा मिनिटांनी पुन्हा चिलट. आता मात्र गेनबाला कळून चुकले. औषधाने काय केले ते देव जाणे. झटकाच पोचत नव्हता. शनिवारच्या आत बॅटरी गॅरेजला न्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी लागणार आणि डॉक्टर विचारणार, का? शुक्रवारी तिसरा ससा, आणि तेच.

"तिन्ही एकसारखे!" डॉक्टरांनी शिपायाला पाठवून पेढे आणवले. पहिला पेढा गेनबाच्या हातावर ठेवला. "इतकी वर्षं या एका कागदासाठी घालवली, रे. काजळी तुझी, म्हणून अर्धा पेढा जास्त घे."

गेनबाचे तोंड उघडले होते ते पेढ्यासाठी नव्हे. पण डॉक्टरांच्या दोरा बांधलेल्या चष्म्याआड डोळे भरून आले होते, आणि त्या डोळ्यांपुढे कुस्त्यांची गोष्ट कशी काढायची? उद्या सांगू, असे म्हणून त्याने पेढा खाल्ला.

शनिवारी तो बॅटरी घेऊन गॅरेजला गेला. तिथल्या मिस्त्रीने काटा लावून पाहिले. "मेलीया की ही. काय पाणी उपसलं काय हिच्यावर?"

पुढचे चार महिने गेनबा रोज सांगायचे ठरवून जाई. डॉक्टर लिहीत बसलेले दिसत; मग लिहिताना कशाला, असे होई. ते टाईप करून घेत. मग टाईप होऊ दे, असे होई. भाद्रपदात डॉक्टर मद्रासला शास्त्रज्ञांच्या सभेत निबंध वाचून आले. मोठमोठ्या लोकांनी हात मिळवले म्हणे. संस्थेच्या चिटणिसांनी डॉक्टरांना प्रमुख करायचे ठरवले. निबंध छापूनही आला. डॉक्टरांनी गेनबाला बोलावून शेवटच्या पानावरच्या ओळीवर बोट ठेवले.

"हे तुझं नाव. वाचून दाखवतो. 'श्री. गेनबा यांनी दक्षतेने केलेल्या मदतीबद्दल लेखक त्यांचा आभारी आहे.' दक्षतेने म्हणजे ठाऊक आहे ना?"

"न्हाई, सायेब."

"डोळ्यांत तेल घालून."

गेनबाने ते पान घरी आणले ते दडवायला. पण गोजाबाईने पाहिले. तिने बाजारातून काच घालून आणली आणि पान देव्हाऱ्याशेजारी टांगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्या न वाचता येणाऱ्या ओळीवर हात फिरवून दाखवी. मारुतराव मुद्दाम येऊन बघून गेले. "आमी तर नुसतं कर्ण्यातनं बोललो, गड्या. सायबानं छापून आभार मानलं." दोन्ही आभार एकाच बॅटरीचे, हे घरात एकट्या गेनबाला ठाऊक होते. गोजाबाई सकाळी देवाला हळद-कुंकू वाही तेव्हा त्या काचेलाही एक बोट लावी. गेनबा तेव्हा अंगणात निघून जाई.

कार्तिकात नवी मुळी आली. नवे सत्त्व निघाले. प्रयोग परत करायचा होता.

त्या सकाळी गेनबा अडगळीच्या खोलीत बसला होता. बॅटरी शनिवारीच भरून आली होती. औषधाआधीचे तीन झटके झाले. औषध घातले. पंधरा मिनिटे गेनबा बॅटरीच्या टोकाला लावलेल्या तारेकडे बघत होता. ती तार अर्धा पीळ सैल केली की पुरे. चिलट झाले असते, आतडे चालत राहिले असते, डॉक्टर प्रमुख झाले असते, आणि जगात कोणाला कधी कळले नसते. त्याने तारेला हात घातला. चिमटीत धरली. एवढी मोठी लबाडी आपल्याला येते, हे पाहून त्याला घाम फुटला.

"हं."

त्याने हात काढला आणि कळ दाबली. कॉईल खणखणीत भुणभुणली.

पलीकडे ड्रम फिरत राहिला. मग डॉक्टर म्हणाले, "बस." आणि थोड्या वेळाने, "परत दे." आणि मग, "बस."

आतडे दर वेळी थांबत होते. औषध नंबर १७ काहीही करत नव्हते. पाच दिवस, पाच ससे. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी मद्रासला पत्र पाठवले, की माझा निष्कर्ष चुकीचा होता, तो मी मागे घेतो. प्रमुखपद दुसऱ्याला गेले. वहीत डॉक्टर नेहमी इंग्रजीत लिहीत. पण त्या दिवशीची शेवटची ओळ, का कोण जाणे, मराठीत होती. मेज पुसताना ती गेनबाने वाचली. 'चैत्रातले तिन्ही प्रयोग बाद. मज्जातंतू कोरडा पडला असला पाहिजे. दोष माझ्या हाताचा.'

त्याने फडके तसेच ठेवले आणि बाहेर जाऊन सशांच्या पिंजऱ्यांजवळ बसला. लबाडी करण्याची वेळ आली तेव्हा तो खरा वागला होता. खरे सांगण्याची वेळ होती तेव्हा गप्प बसला होता. ज्याचा गुन्हा नाही त्या माणसाने तो स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतला, आणि गेनबाची नोकरी, काचेतले पान, सगळे जाग्यावर राहिले.

डॉक्टर बदलले. रागावले-चिडले असे नाही. फक्त ड्रॉपर हातातून सुटेना. मिनिटाला एक थेंब टाकायचा तिथे दहा टाकत; तंतू भिजून गळाठून जाई. मग म्हणत, "आज नाही जमलं." हळूहळू त्यांनी तंतू सोडवायचे कामच बंद केले. नवीन कोणी शिकायला आले की ते तीच गोष्ट सांगत: "मी एकदा तंतू कोरडा पडू दिला. तीन दिवस ओळीने. माझ्यावर जाऊ नका." मुले हसत. गेनबा ड्रम पुसत उभा असे. तीन वर्षांत त्याने ती गोष्ट अकरा वेळा ऐकली.

१९५९च्या जानेवारीत इंदुताई आल्या. पुण्याच्या कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ. त्याच महिन्यात परदेशातून एका नव्या औषधाची चिमूटभर पावडर आली. सोबतच्या निबंधात लिहिले होते, की ही पावडर तंतूला गप्प करते आणि स्नायूला धक्का लावत नाही. डॉक्टरांनी तो निबंध दोनदा वाचला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. फेब्रुवारीअखेर ते निवृत्त होणार होते.

इंदुताईंनी दोन दिवस तंतू सोडवायचा प्रयत्न केला. दोन्ही दिवस तो तुटला. पावडर पाण्यात कालवली की दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नसे, आणि दोन दिवसांची फुकट गेली होती. उरली ती एकाच दिवसाची.

"सर, आता तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा तंतू पुण्यात कोणी सोडवत नाही, असं आमचे प्राध्यापक सांगायचे."

"कधी काळी. आता नाही."

"एकदाच. तुम्हाला बघायचं नाही का हे?"

"बघायचंय," डॉक्टर म्हणाले. "जन्मभर हेच बघायचं होतं. म्हणून तर मी हात लावणार नाही. माझ्या हातात तंतू कोरडा पडतो, इंदुताई. एकदा काय झालं..." आणि त्यांनी बाराव्यांदा ती गोष्ट सांगितली. सांगताना त्यांनी दोन्ही हात पुढे धरले होते, दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे.

"मग पावडर परत पाठवू?"

"पाठवा. उद्या सकाळी पार्सल करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबाने देव्हाऱ्याशेजारची काच उतरवली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला होता.

"काय झालं?" गोजाबाई चुलीपुढून उठली.

"त्यात खोटं लिवलंय."

"कुनी?"

"म्या."

"तुमास्नी विंग्रजी कुठं येतंय?" ती म्हणाली, पण त्याचा चेहरा बघून हसली नाही. "न्या. पर काच फोडू नगा."

डॉक्टर मेजाशी होते, इंदुताई पार्सलला दोरा बांधत होत्या. गेनबाने काच मेजावर उपडी ठेवली.

"सायेब, एक बोलायचं हाय. एकल्यात."

"इंदुताईंसमोर बोल. आता या खोलीत त्याच राहणार आहेत."

गेनबाने बोटे डोक्याला लावली, मुंडासे काढले, परत घातले. "तंतू कोरडा न्हवता पडला."

"काय?"

"चैताच्या महिन्यात. तुमचा हात चुकला न्हवता. जत्रंला कर्ण्यासाठी म्या बॅटरी नेलीती. तुमाला न इचारता. पाच घंटं वाजली. ती उतरली व्हती, सायेब. झटका पोचतच न्हवता."

इंदुताईंच्या हातातला दोरा थांबला. डॉक्टरांनी विचारले ते भलतेच.

"आवाज कसा होता? कॉईलचा?"

"सकाळी माशी. औषदानंतर चिलट." गेनबाने तोंडाने आवाज काढून दाखवला, आधी जाड, मग बारीक.

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस. दुसऱ्या दिशी मला कळलं व्हतं."

"दुसऱ्या दिवशी," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. दोरा तुटून काडी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. "म्हणजे पेढ्याच्या आधी."

"व्हय."

"छापायच्या आधी. हे," त्यांनी उपडी काच सुलटी केली, "याच्या आधी. तीन वर्षं मी झोपेत ड्रॉपर धरून उठतोय, गेनबा. तीन वर्षं! तू माझ्यासमोर उभा राहून ड्रम पुसत होतास. एक वाक्य होतं रे. कोणाकडून उधार आणून तरी बोलायचं होतंस!"

"नोकरीचं भ्या व्हतं," गेनबा म्हणाला. मग मान हलवली. "न्हाई. तेबी खोटं. पयल्यांदा नोकरीचं. मागनं तुमच्या तोंडाकडं बघवंना म्हून."

"गेनबाभाऊ," इंदुताई हळूच म्हणाल्या, "कार्तिकात मग बॅटरी..."

"भरल्याली व्हती, ताई. तवा तार ढिली करायचं मनात आलंतं. चिमटीत धरलीती. न्हाई केली."

डॉक्टरांनी वर पाहिले. हे त्यांना कसे लागले ते गेनबाला कळले नाही. ते उठले आणि कपाटातून १९५५ची वही काढली. पान शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी टाक बुडवला आणि मराठी ओळीखाली लिहू लागले, विचारत विचारत: "जत्रा कोणत्या वारी?"

"मंगळवारी."

"किती वाजता नेली? परत कधी आणली? कोणी मागितली?" एकेक उत्तर ते लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "सही कर."

गेनबाने केली. चौथीतल्या अक्षरात, दोन ओळींची जागा घेऊन.

"माजं छापल्यालं नाव खोडा, सायेब."

"छापलेलं मला खोडता येत नाही. ते तुझ्याकडेच राहू दे. भिंतीवर टांग, नाहीतर ट्रंकेत घाल. तुझं तू बघ." आवाज कोरडाच होता. त्यांनी 'दोष माझ्या हाताचा' या शब्दांवर मात्र एक सरळ रेघ ओढली. मग आपल्या हातांकडे पाहिले. उलटे केले, सुलटे केले. बाह्या दुमडल्या आणि मोरीशी जाऊन साबणाने कोपरापर्यंत धुतले.

"इंदुताई, पार्सल सोडा."

"सर?"

"सोडा म्हणतो. ससा आणा. आणि मेजावर उजवीकडे जागा करा." ते गेनबाकडे वळले नाहीत. "कॉईल इकडे आण. बॅटरी, कळ, सगळं. माझ्या कानाशी ठेव."

"तुमाला त्यो आवाज सोसत न्हाई, सायेब."

"सोसेन. इथून पुढे मला ऐकायचा आहे."

गेनबाने एकेक वस्तू उचलून आणली. भिंतीच्या भोकातून तारा ओढून घेतल्या, बॅटरीला काटा लावून आकडा मोठ्याने सांगितला. डॉक्टरांनी तो स्वतः येऊन वाचला. मग त्यांनी चिमटा घेतला. अर्ध्या तासात केसाएवढा पांढरा दोरा अखंड सुटून आला. ड्रॉपरने एक थेंब. एका मिनिटाने एक. दोन नाहीत.

काळ्या कागदावर रेघ वर-खाली जाऊ लागली.

"हं," डॉक्टर म्हणाले.

गेनबा त्यांच्या कोपराशी बसला होता. त्याने कळ दाबली. कॉईल भुणभुणली, मोठ्याने, सगळ्या खोलीत. डॉक्टरांचा जबडा आवळला, पण त्यांनी मान तिच्याकडे कलती केली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. आतडे थांबले. आता औषध घालायचे होते.

"कळ सोडू का, सायेब?" गेनबाने विचारले.

"मी सांगेपर्यंत नाही," डॉक्टर म्हणाले.